स्टोमा आणि जखमांची नर्स व्हायचंय? सभासदत्वाचा फॉर्म सगळ्यात शेवटी भरा

अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसला सर्जिकल वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टर-ब्रदरना स्टोमा (शौच किंवा लघवी बाहेर यावी म्हणून ऑपरेशन करून पोटावर केलेलं तोंड, त्यावर बॅग लावतात), जखमा आणि लघवी-शौचावरचा ताबा या कामात पुढे जायचं असतं, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो : कुठल्या संस्थेचं सभासद व्हायचं? खरं तर सभासदत्व सगळ्यात सोपं, फी भरली की मिळतं. हात तयार व्हायला मात्र वेळ लागतो, आणि मुलाखतीत तेच विचारतात.

आधी कागद. जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी हवीच. नूतनीकरण दर 5 वर्षांनी असतं, त्यासाठी सीएनईची (नोकरीत असताना घेतलेल्या शिक्षणाची) प्रमाणपत्रं एकाच फाइलला लावत चला. एनआरटीएसवर (नर्सेसच्या देशपातळीवरच्या ऑनलाइन नोंदवहीत) नोंद करून एनयूआयडी, म्हणजे देशभर चालणारा आपला नंबर घ्या. गाडी अडते ती बहुतेक नावावर : मार्कशीट माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं आणि पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग. बाहेरच्या संस्थेकडे अर्ज करण्याआधी हे एकसारखं करून घ्या. एएनएम (त्याखालचा नर्सिंग कोर्स) झालेल्यांना आधी जीएनएम करावं लागेल. जीएनएमवाल्यांनी 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी उरकलेलं बरं, कारण अमेरिकन प्रमाणपत्र परीक्षेला पदवी लागते.

मग वही. दोनशे पानी साधी वही चालेल. प्रत्येक रुग्णाला एक ओळ : तारीख, वय, निदान, स्टोमा कोलोस्टॉमी (मोठ्या आतड्याचा) की इलिओस्टॉमी (लहान आतड्याचा), व्यास मिलिमीटरमध्ये, भोवतालची कातडी, काय लावलं, किती दिवस टिकलं, किती वेळ दिला. जखम असेल तर लांबी, रुंदी, खोली. लांबी नेहमी डोक्याकडून पायाकडे मोजायची, नाहीतर दोन पाळ्यांचे आकडे जुळत नाहीत आणि जखम वाढली की भरली हेच कळत नाही. वहीत रुग्णाचं नाव घालू नका. फोटो लेखी संमतीनेच, शेजारी मोजपट्टी ठेवून. वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो टाकायचा नाही. वेळेचा रकाना का, ते पुढे येतं.

या कामातलं सगळ्यात मोलाचं कसब म्हणजे ऑपरेशनच्या आधी स्टोमाची जागा ठरवणं. रुग्णाला उताणं झोपवून डोकं किंचित उचलायला सांगा. रेक्टस या पोटाच्या उभ्या स्नायूची कड हाताला लागते. जागा त्या स्नायूवर हवी. बेंबी, जुना व्रण, बरगडीची कड आणि कमरेचं हाड यांपासून ती साधारण 5 सेंटिमीटर लांब आणि रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल अशी पाहिजे. मग बसवून, वाकवून, उभं करून पुन्हा बघायचं. पुस्तकात इथवर दिलेलं असतं, पण आपल्याकडे नुसतं खुर्चीवर बसवून भागत नाही. मासळी विकणारी बाई जमिनीवर बसते, विळीवर मासे कापते. तिला तसंच बसवून पोटाला घडी कुठे पडते ते बघा. शेतकरी असेल तर लावणीला वाकतात तसं वाकायला सांगा. परकराची नाडी, नऊवारीची गाठ, लुंगीचा खोचा नेमका कुठे येतो ते विचारा आणि ती रेषा टाळा. नाडी फ्लँजची (कातडीला चिकटणाऱ्या चकतीची) कड उचलते, खालून मळ शिरतो आणि दोन दिवसांत कातडी सोलवटते. दोष मात्र बॅगेला लागतो. खूण न पुसणाऱ्या पेनाने करून वर पारदर्शक फिल्म लावा. शक्यतो दोन जागा द्या, म्हणजे पोट उघडल्यावर सर्जनना पर्याय राहतो.

बॅग लावताना भोक स्टोमापेक्षा 2 ते 3 मिलिमीटरच मोठं कापा. पहिले 6 ते 8 आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून दर आठवड्याला नव्याने मोजायचं. कोकणात गळतीची दोन कारणं हमखास सापडतात : आंघोळीनंतर पोटाला चोपडलेलं खोबरेल, आणि पावसाळ्यात नीट न सुकलेली कातडी. तेलावर चिकट थर बसतच नाही. मे महिन्यात बॅगांचा खोका पत्र्याखाली ठेवला की थर मऊ पडतो, हेही घरच्यांना सांगून ठेवा. इलिओस्टॉमीवाल्याला सुरुवातीचे आठवडे ओल्या नारळाचे तुकडे, काजू, फणस बंद; आतडं तुंबतं. बॅगेत दिवसाला दीड लिटरच्या वर जात असेल तर डॉक्टरांना कळवायचं आणि ओआरएस सुरू. घरचे प्रेमाने शहाळ्यावर शहाळी पाजतात, पण त्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम भरपूर. मीठ घातलेली पेज त्यापेक्षा बरी.

जखमांसाठी 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट (पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा) आणि हातातला डॉप्लर (रक्तप्रवाह ऐकवणारं यंत्र) वापरायला शिका. पायाचा दाब-निर्देशांक (घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा) 0.5 च्या खाली असेल तर घट्ट पट्टी बांधायची नाही. मधुमेहात तो 1.3 च्या वर आला तर खूश होऊ नका, रक्तवाहिन्या कडक झाल्याने आकडा फसवतो. लघवीच्या रुग्णाकडून 3 दिवसांची नोंद लिहून घ्या. आणि ओलीने सोललेली कातडी बेडसोर म्हणून लिहू नका. ओलीची जखम पसरट असते, कड अस्पष्ट. बेडसोर बहुधा हाडावर येतो.

एवढं हाताखालून गेलं की कोर्स. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे आणि एंटेरोस्टोमल थेरपीचं (स्टोमाच्या देखभालीचं) प्रशिक्षण तिथे दिलं गेलं आहे. पुढची बॅच कधी, हे तिथल्या नर्सिंग विभागालाच विचारा. कोर्स कुठलाही असो, पैसे भरण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. प्रत्यक्ष रुग्णाजवळचे तास किती? डब्ल्यूसीईटी या जागतिक संस्थेची मान्यता आहे का? नुसत्या ऑनलाइन व्याख्यानांनी भोक कापता येत नाही.

आता सभासदत्व. टीएनएआय ही 1908 पासूनची आपल्या देशातली परिचारिकांची संघटना, तिची आजीव वर्गणी एकदाच भरा. डब्ल्यूसीईटी ही याच कामाची जागतिक संस्था, 1978 ची. तिचं जर्नल वाचायला मिळतं आणि नॉर्मा गिल यांच्या नावाच्या निधीतून शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. अमेरिकेतल्या याच कामाच्या नर्सेसची डब्ल्यूओसीएन सोसायटी 1968 ची. तिची सभासद झाल्याने नावापुढे अक्षरं लागत नाहीत. ती अक्षरं देतं वेगळं प्रमाणपत्र मंडळ, परीक्षा घेऊन, आणि 5 वर्षांसाठी. अनुभवाच्या वाटेने जायचं तर प्रत्येक शाखेला (स्टोमा, जखमा, लघवी-शौचावरचा ताबा) मागच्या 5 वर्षांत 1500 तास रुग्णसेवा आणि 50 तास शिक्षण दाखवावं लागतं. वहीतला वेळेचा रकाना इथे कामी येतो. परवान्याची (नर्स म्हणून नोंदणीची) अट मात्र त्या मंडळाला लेखी विचारल्याशिवाय फी भरू नका.

नोकरीचं म्हणाल तर सरकारी रुग्णालयात या नावाचं पद शोधत बसू नका. मेट्रन आणि सर्जनना भेटून आठवड्यातून एक सकाळ, एक टेबल आणि पडदा मागा. तीन महिन्यांनी वहीतले आकडे पुढे ठेवा. बॅग बनवणाऱ्या कंपन्याही नर्स घेतात आणि पगार बरा देतात, पण तिथे गेलात तरी रुग्णाला इतर कंपन्यांचे नमुनेही दाखवा. घरी जाऊन सेवा देणार असाल तर जूनच्या आधी प्रत्येक रुग्णाकडे महिनाभराच्या बॅगा आहेत ना ते बघा. घाटात दरड आली की कुरियर अडकतं.