जिल्ह्यातल्या टीबीवर प्रबंध करताय? आधी दराचा छेद तपासा

पीएसएमच्या (एमडीची सामाजिक वैद्यकशास्त्र शाखा) नाहीतर एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यात, एक विषय हमखास येतो: 'अमुक तालुक्यातील क्षयरोगाचे प्रमाण', नमुना एक हजार. इथेच थांबा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या दर लाख लोकांमागे फुप्फुसाचा, प्रयोगशाळेत सिद्ध झालेला टीबी ३१६ जणांना आढळला. म्हणजे हजार प्रौढांत तिघे. तीन रुग्णांवर वय, लिंग, मधुमेह अशी कोष्टकं उभी राहत नाहीत. त्यातही त्या सर्वेक्षणातले ४२.६ टक्के रुग्ण केवळ छातीच्या एक्स-रेमुळे हाती लागले. नुसती लक्षणं विचारली असती तर ते निसटलेच असते. तुमच्याकडे तर फक्त प्रश्नावली असणार.

एकट्याला झेपेल असं काम निक्षयच्या, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीच्या, नोंदींवर आहे. जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांची लेखी परवानगी आणि एथिक्स कमिटीची मंजुरी, दोन्हींचे अर्ज आधी टाका. यादी नावं आणि फोन नंबर वगळूनच मागा. मात्र दुबार नोंदी नावाशिवाय सापडत नाहीत, म्हणून ती चाळणी कार्यालयातच एसटीएसच्या (टीबीचे वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक) मदतीने होऊ द्या. खासगी दवाखान्यात 'सुनिता', सरकारी केंद्रात 'सुनीता', बाई एकच.

मग प्रश्न येतो, रुग्ण कुठल्या तालुक्याचा धरायचा? बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या आगेमागे कारखान्याच्या पट्ट्यात जातो, निदान तिकडे होतं आणि गोळ्या गावाकडे संपतात. निक्षयमध्ये निदान करणारी संस्था आणि सध्याची संस्था हे वेगळे रकाने आहेत. दोन्हींवरून काढलेले तालुक्यांचे आकडे जुळत नाहीत. एक रकाना ठरवा, कार्यपद्धतीत लिहा, शेवटपर्यंत तोच ठेवा.

छेदाची, म्हणजे रुग्णसंख्येला ज्या लोकसंख्येने भागायचं तिची, गोची याहून मोठी. समजा, तालुक्यात ६०० रुग्ण आहेत. २०११ च्या जनगणनेतल्या ४ लाखांवर दर येतो लाखामागे १५०. अंदाजित ५ लाखांवर १२०. रोग तसूभरही हललेला नाही! तुलनेतल्या सगळ्या तालुक्यांना एकाच वर्षाची, एकाच पद्धतीने काढलेली लोकसंख्या लावा.

छोट्या आकड्यांवर नकाशे रंगवू नका. एखाद्या गटात वर्षाला ३० रुग्ण असतील, तर निव्वळ योगायोगाचा ९५ टक्के पल्ला साधारण २० ते ४३ असतो. यंदा ३०, पुढच्या वर्षी ३८, यावरून 'उद्रेक' लिहिणं धाडसाचं. तीन वर्षं एकत्र करा.

सगळ्यात जास्त फसवते ती नोंदणीतली घट. देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये सुमारे १८ लाख. टीबी पळाला नव्हता. टाळेबंदीत लोक दवाखान्यापर्यंत पोचत नव्हते आणि यंत्रणा कोविडला जुंपली होती. म्हणून दर लाखामागे किती रुग्ण याच्या शेजारी दर लाखामागे किती संशयितांची तपासणी झाली हा रकाना हवाच. तपासण्या घटल्या आणि रुग्णही घटले, तर 'रोग आटोक्यात' असा निष्कर्ष काढू नका. तपासण्या वाढून रुग्ण कमी होत असतील, तर मात्र लक्ष देण्यासारखं आहे. पण तेव्हाही तपासलेले लोक नेमके कोण होते ते पाहा. खोकला नसलेल्यांच्या थुंकीचे नमुने पाठवूनही तपासणीचं उद्दिष्ट पुरं होतं.

उपचाराचे निकाल चालू वर्षाच्या रुग्णांवर काढू नका. डिसेंबरमध्ये नोंदलेल्याचा साधा सहा महिन्यांचा कोर्सही जूनमध्ये संपतो.

निदानाला लागलेला उशीर मोजणार असाल तर सरासरी नको, मध्यक घ्या; वर्षभर खोकणारे दोघेतिघे सरासरी कुठल्या कुठे नेतात. आणि 'खोकला किती दिवसांपासून?' असं विचाराल तर 'लई दिवस' एवढंच उत्तर मिळेल. पोळ्याच्या आधी की नंतर, असं विचारा.