वॉशिंग्टन डीसीला राज्याचा दर्जा मिळावा म्हणून आपण काय करू शकतो

आधी आपला पत्ता बघा. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात "आम्ही डीसीचे" म्हणणारे बरेच जण खरं तर ॲशबर्न, हर्नडन नाहीतर जर्मनटाउनचे असतात, म्हणजे व्हर्जिनिया किंवा मेरीलँडचे. त्यांना काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, दोन सिनेटर आहेत. आम्ही शहराच्या हद्दीत राहणारे सुमारे सात लाख लोक, आम्हाला एकही नाही. काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधीगृहात, एक डेलिगेट आहे. त्या डेलिगेटला समितीत मत आहे, पण सभागृहात विधेयकाच्या अंतिम मतदानात नाही. फेडरल टॅक्स मात्र आम्ही सगळ्यांसारखाच भरतो. वायोमिंग आणि व्हरमाँटची लोकसंख्या आमच्याहून कमी आहे. आपल्या दिल्लीलाही पूर्ण राज्याचा दर्जा नाही, पण तिथून लोकसभेत ७ खासदार जातात. हे मला मनापासून लागतं, म्हणून लिहितेय.

नागरिकत्व मिळालं की बोर्ड ऑफ इलेक्शन्सकडे नाव नोंदवा. राहून गेलंच तर पत्त्याचा पुरावा (लाइटबिल, बँकेचं स्टेटमेंट) घेऊन मतदानाच्या दिवशीही केंद्रावर नोंदणी होते. ग्रीन कार्डवर किंवा व्हिसावर असाल तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय कुठल्याही मतदार अर्जावर सही करू नका.

मतपत्रिका हातात आली की घाई करू नका. 'डेलिगेट' ही एक निवडणूक, आणि 'युनायटेड स्टेट्स सेनेटर' व 'युनायटेड स्टेट्स रिप्रेझेंटेटिव्ह' या वेगळ्या. ही नावं वाचून माझ्या शेजारणीला वाटलं, आपल्याला सिनेटर मिळाला! हे 'शॅडो' प्रतिनिधी असतात. काँग्रेसमध्ये त्यांना जागा नाही. राज्याच्या दर्जासाठी पाठपुरावा करणं हे त्यांचं काम. तरी ती जागा कोरी सोडू नका. राष्ट्राध्यक्षासाठीचं आपलं मत पूर्ण धरलं जातं. १९६१च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने आपल्याला तीन इलेक्टर (राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी) दिले आहेत.

आता मुख्य काम. २०१६च्या सार्वमतात ८५ टक्क्यांहून जास्त डीसीकरांनी राज्याच्या बाजूने कौल दिला. डीसीला राज्य करणारं 'एच. आर. ५१' हे विधेयक प्रतिनिधीगृहाने २०२० आणि २०२१ साली मंजूर केलं, पण सिनेटमध्ये ते मतदानापर्यंत पोचलंच नाही. तिथे चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० मतं लागतात, आणि काँग्रेसची दोन वर्षांची मुदत संपली की नव्या काँग्रेसमध्ये विधेयक पुन्हा मांडावं लागतं. म्हणजे गाठ सिनेटमध्ये आहे आणि आपला तिथे कुणी नाही. आपण एखाद्या सिनेटरच्या कार्यालयात फोन केला तरी पहिला प्रश्न झिप कोडचा येतो. आपला झिप कोड त्यांच्या राज्याचा नसेल तर आपल्या बोलण्याला फारसं वजन राहत नाही.

म्हणून बाहेरच्या माणसांना बोलायला लावा. मेरीलँड-व्हर्जिनियापेक्षा टेक्सास, ओहायो, फ्लोरिडातले, म्हणजे जिथल्या सिनेटरांचं मन वळवायचं आहे तिथले, नातेवाईक शोधा. माझी नणंद डॅलसजवळ राहते. तिला मी कॅपिटॉलचा (संसद भवनाचा) नंबर पाठवला, २०२-२२४-३१२१. ऑपरेटरला सिनेटरचं नाव सांगायचं, मग नाव, गाव, झिप कोड आणि एकच वाक्य: "डीसीला राज्याचा दर्जा देणाऱ्या विधेयकाला पाठिंबा द्या, माझा भाऊ तिथे राहतो." "माझा भाऊ" हे शब्द गाळू नका, घरचं माणूस आलं की ऐकणारा नुसतं टिपून घेत नाही, विचारतो.

"राजधानी तर राज्याबाहेर असायला हवी ना?" असं कुणी म्हणालं तर उत्तर तयार ठेवा. व्हाइट हाउस, कॅपिटॉल, सुप्रीम कोर्ट आणि नॅशनल मॉलचा भाग फेडरल राजधानी म्हणून वेगळाच राहणार. राज्य होईल ते बाकीच्या वस्तीचं. राज्यघटनेने राजधानीच्या क्षेत्राला कमाल मर्यादा घातली आहे, किमान नाही. आणि १८४६ साली अलेक्झांड्रियाचा भाग व्हर्जिनियाला परत देऊन काँग्रेसने हा जिल्हा एकदा लहान केलेलाच आहे.

फोन ठेवण्याआधी "सिनेटरची यावर भूमिका काय?" हे विचारून घ्यायला सांगा, आणि उत्तर तारखेसह आपल्याला कळवायला. पुढचा फोन त्यावरून ठरतो.