आयरिश गावांच्या नावांचा अर्थ लावताय? या चुका टाळा

नकाशावरचं इंग्रजी स्पेलिंग बघून अर्थ लावू नका. सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. १८२४ पासून ऑर्डनन्स सर्व्हेने, म्हणजे ब्रिटिशांच्या सरकारी नकाशा खात्याने, आयर्लंडची मोजणी केली आणि नावांची इंग्रजी रूपं पक्की झाली. त्यांत उच्चार कसाबसा टिकला, अर्थ मात्र पुसला गेला. आयरिश भाषेत 'किल' म्हणजे चर्च आणि 'कैल' म्हणजे रान, पण इंग्रजीत दोन्हींचं 'किल'च झालं. म्हणून एक किलमोर थोरल्या चर्चचं, तर दुसरं मोठ्या रानाचं. 'बॅली' दिसलं की लोक 'गाव' म्हणून मोकळे होतात. मेयो काउंटीतल्या बॅलिनाच्या नावात मात्र 'गाव' नाहीच. मूळ नाव 'बेल अन आहा', म्हणजे नदीच्या उताराचं, पायी ओलांडायच्या उथळ जागेचं, तोंड.

डब्लिनला आयरिशमध्ये 'बाल्ये आहा क्लीअ' म्हणतात, पण 'डब्लिन' हे त्याचं भाषांतर समजू नका. 'दुव लिन' म्हणजे काळा डोह, तर दुसऱ्या नावाचा अर्थ कुडांच्या उताराचं गाव. दोन्ही आयरिशच, पण वेगवेगळी.

कोव्ह बंदराच्या नावात प्राचीन आयरिश अर्थ शोधणं तर व्यर्थच. इंग्रजी 'कोव्ह'च आयरिश स्पेलिंगमध्ये लिहिलाय. १८४९ मध्ये राणी व्हिक्टोरिया आली तेव्हा ते क्वीन्सटाउन झालं होतं.

आता व्याकरण, आणि मला हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो. आपण पुणे-पुण्यात म्हणताना शब्दाचा शेवट बदलतो. आयरिशमध्ये सुरुवातही बदलते. 'डब्लिनमध्ये' म्हणताना 'बाल्ये'चं 'माल्ये' होतं, 'डब्लिनहून' म्हणताना 'वाल्ये'. 'डब्लिनला' जाताना मात्र 'बाल्ये' तसंच राहतं. डोनेगाल मुळात 'दून ना ङाल', परक्यांचा किल्ला. 'गाल' म्हणजे परका. षष्ठीच्या अनेकवचनात 'ग'चा 'ङ' झाला.

अशी रूपं शब्दकोशात सापडत नाहीत म्हणून अडू नका. आधी छोटं अक्षर आणि मागे कॅपिटल दिसलं, तर छोटं सोडा आणि कॅपिटलपासून शोधा. पहिल्या व्यंजनामागे 'एच' असेल तर तो काढून बघा.

तरी अडलंच, तर आयर्लंडचा सरकारी स्थलनाम डेटाबेस मोफत आहे. तिथे षष्ठीचं रूप मिळतं, बऱ्याच नावांचा उच्चार ऐकता येतो. शिवाय जुन्या कागदपत्रांतली स्पेलिंगं असतात. ती बघितल्याशिवाय कुठलाही अर्थ पक्का धरू नका.