तळघरात पाणी शिरलं तर उपसायची घाई नको

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी काठ सोडून वस्त्यांत शिरली आणि अनेकांनी पहिली चौकशी केली ती पंपाची. पंप लागतोच, पण त्याची पाळी तिसरी.

आधी वीज. मेन स्विचपर्यंत कोरड्या पायांनी जाता येत असेल तरच तो बंद करा. मीटर तळघरातच असेल तर पाण्यात न उतरता महावितरणला कळवून पुरवठा बाहेरून तोडायला लावा. इन्व्हर्टर आठवणीने बंद करा. मेन पाडला तरी तो वायरिंगमध्ये वीज सोडतच राहतो.

मग फोटो. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं सामान, गाडीची नंबर प्लेट. पंचनामा आणि विमा दोन्हींसाठी लागतील. बुडालेली गाडी "बघू तरी" म्हणून सुरू करू नका, ओढूनच न्या.

आता पंप. इथे घाई महागात पडते. नागपुरात बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि भिंतीला बाहेरून रेटते. भिंतीबाहेर एक मीटर पाणी साचलं असेल, तर तळाशी दर चौरस मीटरला साधारण एक टनाचा दाब असतो. आतलं पाणी तोवर त्या भिंतीला टेकू देत असतं. ते एका दुपारी काढून टाकलं तर भिंत आत येऊ शकते, फरशी उचलू शकते. म्हणून रस्त्यावरचं पाणी ओसरू द्या. मग फूटभर उपसा, भिंतीवर खूण करा आणि रात्रभर थांबा. सकाळी पाणी खुणेच्या वर आलं असेल तर जमीन अजून भरलेली आहे, आणखी थांबा. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप तळघरात कधीच ठेवू नका, त्याचा धूर बंद जागेत जीव घेतो. इंजिन बाहेर, पाइप आत.

गाळ ओला असतानाच काढा. वाळला की फरशीला धरून बसतो. गमबूट आणि हातमोजे घाला, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजाराचा धोका असतो. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा, काठी शोधू नका. धुऊन झाल्यावर ब्लीचिंग पावडर मारा, पण सोबत ॲसिड नको; दोन्ही मिळून विषारी वायू होतो. जमिनीखालची पाण्याची टाकीही उपसून, धुऊन, क्लोरीन टाकूनच वापरा.

वाळवायला आपल्याकडे कूलर आहेच. तळघरात ठेवलेला भिजला असेल तर तो नाही. कोरडा असलेला घ्या, ताट्या काढा, पाणी न भरता तोंड बाहेर करून खिडकीत लावा. ओल बाहेर फेकली जाते. वीज मात्र इलेक्ट्रिशियनने वायरिंग तपासल्यावरच. रंग आणि पीओपी भिंत आतून सुकेपर्यंत राहू द्या, नाहीतर पोपडे धरतात.

पुढच्या पावसाळ्याआधी तीन कामं काढा: गटाराच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप), रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा आणि विजेचा डीबी (घरभर वीज वाटणारी स्विचांची पेटी) वरच्या मजल्यावर. पैसे एकाच कामापुरते असतील तर डीबी आधी हलवा.