छोट्या कारखान्यात बीआय टूल कसं आणावं

वाळूजच्या शेडमध्ये काय किंवा लातूरच्या डाळ मिलमध्ये काय, आकड्यांची टंचाई कुठंच नाही. बिलं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात, उत्पादन सुपरवायझरच्या रजिस्टरमध्ये, काट्याच्या पावत्या फाइलला लावलेल्या आणि गाडीभाड्याचा हिशेब कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर. मालकाने "परभणीकडची उधारी किती थकली?" असं विचारलं की अकाउंटंटची संध्याकाळ त्यातच जाते, आणि उत्तर येईपर्यंत त्याच पार्टीची आणखी एक गाडी लोड झालेली असते. बिझनेस इंटेलिजन्स, म्हणजे बीआय टूल, हे विखुरलेले आकडे एका ठिकाणी जोडून ताजे दाखवतं. ते बसवायला फार डोकं लागत नाही. वेळ खातं ते त्याच्या आधीचं काम.

आधी एकच प्रश्न ठरवा

"आम्हाला डॅशबोर्ड पाहिजे" म्हणून सुरुवात केली की वीस रंगीत तक्ते तयार होतात आणि महिनाभरात ते कुणी उघडत नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर उद्या सकाळी काही बदलता येईल, तो प्रश्न धरा. जालन्याच्या रोलिंग मिलला एका टन सळईमागे विजेची किती युनिट जळाली हे कळायला हवं. वाळूजच्या प्रेस शॉपला कोणत्या डायवर, म्हणजे साच्यावर, रिजेक्शन वाढलं ते. डाळ मिलला लॉटनुसार उतारा, म्हणजे भरडलेल्या तुरीतून किती डाळ निघाली ते. दिवसाला २०० क्विंटल तूर भरडणाऱ्या मिलचा उतारा एका टक्क्याने घसरला, तर २ क्विंटल डाळ कमी निघाली. क्विंटलला १०,००० रुपये भाव धरला तर रोजचे २०,००० गेले. चुनीचे, म्हणजे भरडताना पडणाऱ्या चुऱ्याचे, जे काय सुटतील ते त्यातून वजा करा. हे महिन्याच्या शेवटी कळून उपयोग नाही, लॉट चालू असतानाच कळलं पाहिजे.

पहिल्यांदाच करत असाल तर माझं मत उधारीच्या बाजूने आहे. तिचे आकडे बहुतेक ठिकाणी आधीच टॅलीत असतात, नवीन काही लिहून घ्यावं लागत नाही आणि वसुली सुधारली की घरातल्या सगळ्यांचा विश्वास बसतो.

मग आकडे साफ करा

इथं घाई करू नका. टॅलीतून थकबाकीची यादी काढा: आउटस्टँडिंगमध्ये रिसीव्हेबल्स, मग ऑल्ट धरून ई दाबला की एक्सेलमध्ये फाइल मिळते. ती पार्टीच्या नावाने अक्षरवार लावा आणि निवांत वाचा. एकच पार्टी तीन-चार वेळा दिसेल. एकीकडे ट्रेडर्स, दुसरीकडे ट्रेडिंग कंपनी, कुठं गावाचं नाव पुढं, कुठं मागं, कुठं नुसता एक टिंब जास्त. माणसाला कळतं की हे सगळे एकच. टूल त्यांना वेगवेगळे गिऱ्हाईक समजतं आणि उधारी चार तुकड्यांत वाटून दाखवतं. जीएसटी क्रमांक हा यावरचा चांगला उपाय आहे: क्रमांक एक तर पार्टी एक. मालाच्या नावांचंही तेच. 'फटका ३० किलो', 'तूर फटका ३०' आणि 'फटका डाळ' हे एकच असेल तर तिघांना एका नावाखाली आणा.

दुसरी गोची जमा नोंदींची. लेजरमध्ये बिलवार हिशेब चालू नसेल, किंवा आलेले पैसे बिलाला न लावता 'ऑन अकाउंट' टाकलेले असतील, तर जुनं बिल फिटूनही उघडंच दिसतं. मग डॅशबोर्ड सांगतो की अमुक पार्टी १८० दिवसांपासून थकली आहे, वसुलीवाला फोन करतो आणि समोरचा शिव्या घालतो. अशा सगळ्या जमा बिलांना लावून घ्या. अकाउंटंट कुरकुर करेल. त्याला आठवडाभर दुसरं काम देऊ नका.

तारखा तपासा. ०४/०७ ही ४ जुलै आहे की ७ एप्रिल, हे टूलच्या भाषेच्या सेटिंगवर ठरतं, म्हणून ती इंग्रजी (भारत) ठेवा. आर्थिक वर्ष एप्रिलपासून मोजायला सांगा. जुनी रजिस्टरं कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर नावांच्या जागी भलतीच अक्षरं उमटतील.

आता टूल

तक्ता आधी कागदावर मांडून पाहा. वर एकूण उधारी, खाली तीन रकाने: ४५ दिवसांपर्यंत, ४६ ते ९०, आणि ९० च्या वर. त्याखाली थकलेल्या दहा पार्ट्या. ४५ चा आकडा उगाच नाही. एमएसएमई विकास कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. तुमची उद्यम नोंदणी असेल तर मागणी करताना ही तारीख हाताशी असलेली बरी.

पार्ट्या शे-दोनशेच असतील, माहिती एकाच फाइलमध्ये असेल तर एक्सेलची पिव्हट टेबल (यादीची गटवार बेरीज करून देणारी सोय) पुरे. बीआयच्या फंदात पडायचं कारण नाही. दोन-तीन ठिकाणची माहिती जोडायची असेल तर पुढं जा. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, पण तो फक्त विंडोजवर चालतो आणि रिपोर्ट इतरांना नीट वाटायचे तर माणशी परवाना घ्यावा लागतो. गुगल शीटवर काम चालत असेल तर लुकर स्टुडिओ सोपा आणि मोफत. झोहो अ‍ॅनालिटिक्स चेन्नईच्या कंपनीचं, झोहोची बाकी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना सोयीचं. मेटाबेस मुक्त स्रोत आहे, मात्र सर्व्हर सांभाळणारा माणूस हवा.

एक धोका ठळकपणे सांगतो. पॉवर बीआयमध्ये 'पब्लिश टू वेब' असा पर्याय आहे. परवान्याचा खर्च वाचतो म्हणून लोक तो निवडतात. त्या लिंकवरचा रिपोर्ट लॉगिनशिवाय कुणालाही दिसतो. गिऱ्हाइकांची यादी, भाव, पगार असलं काहीही त्या वाटेने पाठवू नका.

रोजच्या कामात कसं बसवायचं

माहिती कोण, किती वाजता टाकणार हे नावानिशी ठरवा आणि तो रजेवर गेला तर कोण, हेही. पडद्यावर 'शेवटची नोंद' म्हणून तारीख दिसू द्या. शिळे आकडे ताजे समजून कुणी गाडी अडवू नये. सुरुवातीचा महिनाभर डॅशबोर्ड आणि टॅली शेजारी ठेवून एकूण बेरीज जुळवा. फरक आला की कारण सापडेपर्यंत सोडू नका.

सकाळी माल लोड व्हायच्या आधी मालक, अकाउंटंट आणि डिस्पॅचवाला यांनी दहा मिनिटं तोच पडदा बघायचा. ९० दिवसांच्या वर गेलेल्या पार्टीला माल द्यायचा का, याचा निर्णय तिथंच होतो. अकाउंटंटला आपली चौकशी लागली असं वाटू नये म्हणून तक्ता त्याच्याच हातून बनवून घ्या. पार्ट्यांचे खाचखळगे त्यालाच माहीत असतात.

उधारीचं गाडं सुरळीत झालं की दुसरा प्रश्न घ्या. उताऱ्याला मात्र तयारी वेगळी लागते. माल काट्यावर आला तेव्हाच लॉट नंबर आणि ओलावा लिहिला गेला पाहिजे, आणि तो नंबर डाळीच्या पोत्यापर्यंत टिकला पाहिजे. ही नोंद नसेल तर कोणतंही टूल उतारा काढून देणार नाही.

बाहेरच्या माणसाकडून काम करून घेत असाल तर त्याच्या नमुन्याच्या आकड्यांवर भुलू नका. तुमच्याच एका महिन्याच्या फाइलवर करून दाखवायला सांगा. लॉगिन कंपनीच्या ईमेलवर घ्या, मूळ फाइल आपल्या संगणकावर ठेवा आणि शेवटचा हप्ता त्या दोन्ही गोष्टी हातात आल्यावरच द्या.