दोन रुपयांचा शेअर घेण्याआधी त्याचा सातबारा काढा

"दोन रुपयाचा हाये भाऊ, लय सस्ता. पाच हजारात अडीच हजार शेअर भेटतात." सोयाबीनचे पैसे खात्यात आले की दारव्ह्याकडच्या आमच्या गावात, चहाच्या टपरीवर हे हमखास ऐकू येतं. मी विचारतो, कंपनीचे एकूण शेअर किती? टपरी गप्प. हीच माणसं दोन एकराचा सौदा असला की सातबारा, फेरफार बघून, धुऱ्यावर एक चक्कर मारून मगच इसार देतात.

शेअरचाही सातबारा निघतो, तोही फुकट, मोबाईलवर.

बीएसईच्या, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या, संकेतस्थळावर कंपनी शोधताना नावावर जाऊ नका, सारखी नावं बरीच असतात. सहा आकडी स्क्रिप कोड, म्हणजे बाजाराने कंपनीला दिलेला नंबर, टाका. मग ताजा तिमाही निकाल उघडा. त्यात खालच्या बाजूला 'पेड-अप इक्विटी शेअर कॅपिटल' अशी भांडवलाची ओळ असते, तिथेच फेस व्हॅल्यू, म्हणजे शेअरची कागदावरची दर्शनी किंमतही दिलेली असते. भांडवलाला फेस व्हॅल्यूने भागा, शेअरची संख्या निघाली. आकडे लाखात आहेत की कोटीत हे वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं; ते न बघता भागाकार केला तर शंभरपटीचा घोळ होतो. मी केलाय.

समजा भांडवल १८ कोटी रुपये आणि फेस व्हॅल्यू १ रुपया. म्हणजे १८ कोटी शेअर. भाव २ रुपये ४० पैसे असेल तर बाजार अख्ख्या कंपनीचे ४३ कोटी २० लाख मोजतोय. स्वस्त की महाग, हे या आकड्याला कंपनीच्या नफ्याशेजारी ठेवून ठरवायचं. दोन रुपये चाळीस पैसे ही नुसती तुकड्याची किंमत झाली.

आता पोटखराबा, म्हणजे बाजारात न फिरणारे शेअर, वजा करायचा. त्यासाठी 'शेअरहोल्डिंग पॅटर्न', म्हणजे कोणाकडे किती शेअर याचा तक्ता, उघडा. दर तिमाही संपल्यावर २१ दिवसांच्या आत कंपनीला तो द्यावाच लागतो. आपल्या उदाहरणात प्रवर्तकांकडे (कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे) ४२ टक्के, म्हणजे ७ कोटी ५६ लाख शेअर आहेत असं धरू. उरले १० कोटी ४४ लाख, ते 'पब्लिक'चे. बरेच जण यालाच फ्लोट, म्हणजे बाजारात फिरता माल, समजून थांबतात. पण पब्लिकचा तक्ता खाली सरकवा: एक टक्का किंवा त्याहून जास्त शेअर असणाऱ्यांची नावं तिथे छापलेली असतात. चार अनोळखी एलएलपी (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्था) मिळून ३१ टक्के धरून बसल्या असतील, तर आणखी ५ कोटी ५८ लाख बाजूला काढा. नियमाच्या हिशोबात त्या पब्लिकच. माझ्या हिशोबात नाहीत. खरोखर फिरता माल राहिला ४ कोटी ८६ लाख शेअर, आजच्या भावाने पावणेबारा कोटींच्या आत.

एवढ्याशा मालावर थोड्या पैशात भाव चढवता येतो. पण उतरताना लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव पडण्याची शेवटची मर्यादा, लागलं की विकायला रांग असते आणि घेणारा कोणी नसतो. म्हणून रोज किती शेअरची डिलिव्हरी होते, म्हणजे त्याच दिवशी परत न विकता किती शेअर खरोखर हात बदलतात, तेही बघा. तुमचे अडीच हजार सहज निघतील. पन्नास हजार घेणाऱ्याने मात्र दहादा विचार करावा.

शेअरहोल्डिंग पॅटर्नच्या तक्त्यात उजवीकडे सरकत गेलं की वॉरंटचा, म्हणजे ठरल्या भावाने पुढे नवे शेअर घेण्याच्या हक्काचा, रकाना लागतो. मोबाईलवर तो पडद्याबाहेर असतो, आणि मी नेमका तिथेच फसलो होतो. वॉरंट घेणारा सुरुवातीला फक्त २५ टक्के पैसे भरतो आणि १८ महिन्यांत उरलेले भरून शेअर घेतो. आपल्या कंपनीत ६ कोटी वॉरंट बाकी असतील, तर उद्या एकूण शेअर २४ कोटी होतील आणि तुमचा हिस्सा पाऊणच राहील. मी घेतलेल्या कंपनीत वर्षभरात संख्या दुप्पट झाली. भाव फारसा पडला नाही म्हणून मला पत्ताही लागला नाही.

मागच्या आठ तिमाहींचे पॅटर्न शेजारी ठेवून संख्या कधी फुगली ते शोधा. स्प्लिट किंवा बोनस असेल तर घाबरू नका; तेच वावर, तुकडे जास्त. प्रेफरेन्शियल वाटप, म्हणजे निवडक लोकांनाच दिलेले नवे शेअर, असेल तर कोणाला, किती भावाने दिले ते कंपनीच्या घोषणांमध्ये वाचा. लॉक-इन (ठरावीक मुदतीपर्यंत विकता न येणारे) आणि गहाण शेअरचे रकानेही पॅटर्नमध्येच आहेत. लॉक-इन सुटण्याची तारीख वहीत लिहून ठेवा, कारण स्वस्तात मिळालेला तो माल त्यानंतर बाजारात येऊ शकतो.

डिसेंबर तिमाहीचा पॅटर्न २१ जानेवारीपर्यंत येतो. तुरीचे पैसे घालायचे असतील तर तेवढे थांबा.