गावाचं रान, गावाचं पाणी: सांभाळताना या चुका टाळा

गावाचं रान राखायचा ठराव झाला, समिती नेमली, फलकही लागला. दोन वर्षांत रान पुन्हा उघडं पडलं आणि जो तो म्हणू लागला, ‘लोकांनाच पर्वा नाही.’ असं म्हणण्याआधी ठराव कुणी केला आणि त्याची झळ कुणाला बसली, एवढं तपासा. बिघाड बहुधा तिथंच सापडतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सरसकट बंदी. सरपणाला बंदी, चराईला बंदी, हे सभेत पाच मिनिटांत मंजूर होतं. ज्याच्या घरी गॅस आहे, बांधावर चारा आहे, त्याचं हात वर करताना काहीच जात नाही. पण जिची चूल रोजच्या मोळीवर पेटते, ती बाई काय करणार? ती रानात जातेच, फक्त आता पहाटे अंधारात जाते. आधी ती वाळकं वेचायची, फांदी मोडून बघायची, कट्कन आवाज आला तरच घ्यायची. आता कुणी बघायच्या आत परतायचं म्हणून हाताला येईल ती ओली फांदी बुडातून तोडते. झाड गेलंच, वर ती चोर ठरली.

म्हणून काय न्यायचं, किती, कोणत्या दिवशी, हे ठरवा. फक्त वाळकं, डोक्यावर पेलेल एवढी एकच मोळी, कुऱ्हाड न्यायची नाही, असा नियम राखणदाराला लांबूनही तपासता येतो. चराईचं तसंच. ‘गवत कापून न्या, जनावरं सोडू नका’ हे ऐकायला सोपं वाटतं; पण चार शेळ्यांवर पोट असणाऱ्या मजुरानं कापायचं कधी? त्याची मजुरी बुडते. त्यापेक्षा रानाचे भाग पाडा, एका वेळी एकच भाग बंद ठेवा आणि तो आळीपाळीनं बदला. कोणता भाग आधी बंद करायचा, हे शेळ्या राखणाऱ्यांना विचारा. कुठं काय उगवतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

दुसऱ्या गावाचा नियम जसाच्या तसा उचलणं, ही यालाच लागून येणारी चूक. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावात 1517 सालापासून नियम होता: हिवाळ्यात जेवढ्या गाई घरच्या चाऱ्यावर पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळी कुरणावर पाठवायच्या. गाई मोजल्या की झालं, वादाला जागा नाही. पण जिथं निम्म्या घरांकडे जमीनच नाही, तिथं हाच नियम लावला तर जमीनवाल्याला कुरण मिळेल आणि भूमिहीन बाहेर फेकला जाईल. त्यातला मोजायला सोपेपणा घ्या, माप मात्र आपलं ठरवा.

पाण्याच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ‘एकदा पक्कं बांधून टाकू’ या उत्साहाची. नेपाळमधल्या सिंचन योजनांचा एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. याच ऑस्ट्रॉम यांना सामायिक संसाधनांवरच्या कामासाठी 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सरकारी यंत्रणेनं बांधलेल्या पक्क्या योजनांपेक्षा शेतकऱ्यांनी चालवलेल्या साध्या, कच्च्या योजनांचं पाणी शेवटच्या टोकापर्यंत जास्त चांगलं पोहोचत होतं. कच्चा बंधारा दरवर्षी दुरुस्त करावा लागतो. त्यासाठी वरच्या शेतकऱ्याला खालच्यांचे हात लागतात, आणि हात हवे असतील तर पाणी सोडावं लागतं. काँक्रीट आलं की वरच्याची ही गरज संपते. म्हणजे बांधू नका असं नाही. बांधायच्या आधी पाण्याच्या पाळ्या आणि दुरुस्तीची वाटणी लिहून घ्या, आणि पाळीची सुरुवात शेवटच्या टोकापासून करायचं बघा.

जागाच चांगली-वाईट असेल तर चिठ्ठ्या टाका. तुर्कस्तानातल्या अलान्याचे मच्छीमार सप्टेंबरमध्ये चिठ्ठ्या टाकून जाळ्याच्या जागा वाटायचे आणि मग रोज प्रत्येक जण एक जागा पुढं सरकायचा. चांगली जागा आज ना उद्या सगळ्यांच्या वाट्याला यायची. शिवाय दुसरा कुणी आपल्या जागेवर बसला तर जागेचा मालकच ओरडायचा, वेगळा राखणदार नेमावा लागत नसे.

दंडाचं थोडक्यात: पहिल्याच चुकीला मोठा दंड ठेवलात तर तो वसूल होत नाही, आणि एकाचा माफ झाला की नियम संपला. आधी समज, मग थोडा दंड, पुन्हापुन्हा केलं तर जास्त. समितीच्या सभासदाच्या घरचा कुणी सापडला तर दंड त्याच दिवशी घ्या.

सभेला येणं बंद झालं असेल तर आधी वेळ बदला. दुपारची सभा म्हणजे मजुरी करणाऱ्याला आणि पाणी भरणाऱ्या बाईला नकोच म्हटल्यासारखं. दिवेलागणीनंतर, वस्तीत, तिच्या दाराजवळ घ्या. यादीत बायकांची नावं आहेत म्हणजे बायका बोलल्या असं होत नाही. सरपणाचा विषय आधी त्यांच्याच बैठकीत होऊ द्या. आणि जमा-खर्चाची वही दर महिन्याला मोठ्यानं वाचा: दंड किती आला, गवत किती विकलं, पैसा कुठं गेला, शिल्लक कुणाकडे आहे. वाचता न येणाऱ्यालाही मधेच थांबवून विचारता आलं पाहिजे.